लीडर कुठं गेला?

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भिवंडी तालुक्यातल्या अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांपाशी एक बस थांबली. चाळीसेक मुलं उतरली, बॅनर उलगडला, फोटो निघाले. फोटोवर ठिकाण आणि वेळ उमटलीय ना, हे दोनदा तपासून झालं. मग एका मुलीनं मला विचारलं, ‘काका, वीटभट्टीवाले कामगार कुठं भेटतील? सर्व्हे करायचाय.’ भर पावसात! भट्ट्या पाऊस लागण्याआधीच बंद होतात आणि माणसं आपापल्या पाड्यावर भातलावणीला जातात. तिला हे सांगणारं कुणी नव्हतं. ‘तुमचा लीडर कोण?’ तिनं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनकडं बोट दाखवलं. तोही तिच्याच वर्गातला, तोही पहिल्यांदाच आलेला.

2024-25 पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण आलं आणि समाजात जाऊन काम करण्याला क्रेडिट मिळू लागलं. एका क्रेडिटला तीस तास. चांगलंच झालं, असं मीही म्हटलं होतं.

पण हे काम काही नवं नाही. राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली 24 सप्टेंबर 1969 ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात. 37 विद्यापीठं, 40 हजार विद्यार्थी. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240. पहिल्या वीस वर्षांबद्दल मी काय सांगणार, तेव्हा मी नव्हतो. जुने सर सांगत त्यात झाडं लावण्यापलीकडं फारसं काही नसे.

आमचं दशक नव्वदचं. 1993 च्या डिसेंबरात आमचं शिबिर अकलोलीजवळच्या एका पाड्यावर होतं, दहा दिवसांचं. आमच्या भिवंडीनं 1970 आणि 1984 च्या दंगली पाहिल्या होत्या. बाबरीनंतर मुंबई पेटली तेव्हा मात्र भिवंडी शांत राहिली. पोलीस अधिकारी सुरेश खोपड्यांच्या मोहल्ला कमिट्यांचं नाव तेव्हा घरोघरी होतं. तरी वर्षभरानंतरही आईबाप पोरांना एकत्र रानात पाठवायला बिचकत होते. आमचा लीडर यंत्रमागवाल्याचा मुलगा, मोमीन. एसवायचा. आदल्या वर्षी याच पाड्यावर येऊन गेलेला. तो आमच्या घरी येऊन आईशी बोलला, म्हणून मी गेलो.

कार्यक्रम अधिकारी सर होते, पण शिबिर चालवायचा लीडर. कोणत्या घरी म्हातारी आजारी आहे, कोणता कुत्रा चावतो, डवऱ्याचं, म्हणजे झऱ्याच्या खड्ड्याचं, पाणी सकाळी किती वाजेपर्यंत पुरतं, सगळं त्याला पाठ. पहिल्या दिवशी त्यानं आमच्याकडचे सर्व्हेचे फॉर्म काढूनच घेतले. म्हणाला, ‘आज फक्त पाणी मागायचं. देतील ते बसून प्यायचं. स्वच्छतेवर बोलला तर याद राख.’ वर तानसेचं धरण, 1892 पासून तिथलं पाणी मुंबईला जातंय, आणि इथं बाई वाटीवाटीनं हंडा भरतेय. हे आम्हाला बौद्धिकात कुणी सांगितलं नाही. त्या हंड्यातलं पाणी पिताना कळलं.

दिवसा वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरायची, तोंड शिवायचं, साखळी करून पुढं द्यायची. मी शिवलेल्या गोण्या दोनदा फुटल्या. लीडर काही बोलला नाही, शेजारी बसून दाभण कसं तिरकं घालायचं ते दाखवलं. रात्री फोड आलेले हातपाय घेऊन आम्ही कुंडावर जायचो. त्या गंधकाच्या कढत पाण्यात हात बुडवला की आधी जीव जायचा आणि मग परत यायचा.

समारोपाला आमच्या तेव्हाच्या प्राचार्यांनी प्रमुख पाहुणे आणले. बंधारा पाहायला चिखलात कोण उतरणार? मांडवातच भाषण झालं, ‘दहा मार्कांसाठी आलेली मुलं’ असा विनोदही झाला. दहा मार्क मिळायचे आणि आम्हाला ते हवेही होते, खोटं कशाला बोलू! पण लीडर त्या दहा मार्कांसाठी दुसऱ्यांदा आला नव्हता.  अशा विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागानं स्टुडंट मॅनेजर असं रीतसर नाव दिलं. आमच्या लीडरला शिट्टी मिळाली होती.

पुढच्या वर्षी ती शिट्टी माझ्याकडं आली. भट्टीवर कामगार राहतात त्या झोपडीला इकडं भोंगा म्हणतात. उसगावच्या ‘विधायक संसद’ या संस्थेनं याच दशकात भट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. आम्ही त्या कामाच्या पासंगालाही पुरलो नसतो, पण एका भट्टीवर चार संध्याकाळी पोरांना अक्षरं गिरवायला बसवलं. एका एफवायच्या मुलीनं कातकरी बाईला वय विचारलं. बाई हसली, ‘तूच बघून लिव.’ पोरगी माझ्याकडं बघू लागली. मी म्हटलं, रकाना कोरा ठेव. मला ते आदल्या वर्षी लीडरनं शिकवलं होतं.

मग हळूहळू सगळं आक्रसलं. शिबिर दहाचं सात दिवसांवर आलं. 2011 नंतर पदवीला सेमिस्टर आली. एक परीक्षा संपते न संपते तोच पुढचे इंटर्नल. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, ज्यांना पुढच्या जूनची खात्री नाही, ते कोणत्या पाड्याशी दहा वर्षं नातं ठेवणार? आणि आता प्रत्येकानं आपापले तास भरायचे म्हटल्यावर दुसऱ्यांदा येण्याचं कारणच उरलं नाही. भट्ट्यांच्या जमिनींवर गोदामं चढली, पण भट्ट्या अजून आहेत आणि भोंगेही आहेत.

त्या बसमधली मुलं वाईट नव्हती. त्या मुलीनं माझं म्हणणं वहीत उतरवून घेतलं. तेवढ्यात हॉर्न वाजला.

तर महाविद्यालयांना एवढंच कळवतो: भट्ट्या दिवाळीनंतर लागतात. अंबाडी नाक्यावरून वज्रेश्वरीची गाडी मिळते. येताना यंदाच्या मुलांतली दोन तरी परत आणा, आणि पहिल्या दिवशी फॉर्म काढू नका.