मेनूकार्डात न सापडलेला वाल : सॅम्पल नेमकं कशातून काढायचं?

पेट किंवा नेटची तयारी करताना आपण सॅम्पलिंगचे प्रकार पाठ करतो. यादृच्छिक, स्तरित, समूह, हेतुपूर्ण, स्नोबॉल. परीक्षेत चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखता येतं आणि वाटतं, झालं, हा भाग आला. सिनॉप्सिस लिहायला बसल्यावर मात्र लक्षात येतं की सॅम्पल काढण्याच्या आधी एक प्रश्न असतो आणि नोट्समध्ये तो अर्ध्या ओळीत उरकलेला असतो. सॅम्पल कशातून काढायचं? आज फक्त तेवढंच बघू. उदाहरण पेण आणि रोह्यातल्या खाण्याचं घेते, कारण तिथे मी स्वतः चुकले होते.

मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी. पहिल्या वर्षी माझा प्रश्न असा होता: या दोन शहरांत जे तयार अन्न विकलं जातं, त्यात स्थानिक पिकं आणि रानवनस्पती कितपत वापरल्या जातात? काम सोपं वाटलं. मोबाइलच्या नकाशावर दोन्ही शहरांतली हॉटेलं शोधली, जी नावं आली त्यांची यादी केली. मे महिन्याच्या सुट्टीत दिवा-रोहा गाडीने जाऊन यादीतल्या ठिकाणी मेनूकार्डांचे फोटो काढले आणि तक्ता बनवला. मिसळ, वडापाव, इडली-डोसा, पनीरच्या भाज्या, चायनीज, सुरमई थाळी. वालाचं बिरडं अगदी तुरळक, जिताडा क्वचित, पोपटी आणि शेवळं शून्य. मी निष्कर्ष लिहून टाकला: ‘स्थानिक अन्नपदार्थ लोप पावत आहेत.’

सादरीकरणात समितीतल्या एका ज्येष्ठ मॅडमनी एवढंच विचारलं, “अगं, मे महिन्यात तुला पोपटी कोण देणार?” सगळे हसले. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

समष्टी, चौकट आणि सॅम्पल

तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. समष्टी म्हणजे ज्याच्याबद्दल तुम्हाला बोलायचं आहे ते सगळं. माझ्यासाठी, पेण आणि रोह्यात विकलं जाणारं सगळं तयार अन्न. चौकट म्हणजे ती प्रत्यक्ष यादी, जिच्यातून तुम्ही नावं उचलता. माझी चौकट होती मोबाइलचा नकाशा. आणि सॅम्पल म्हणजे त्या यादीतून उचललेली ठिकाणं.

आपलं सगळं लक्ष सॅम्पलच्या आकारावर असतं. “किती घेऊ, तीस की तीनशे?” पण जी गोष्ट चौकटीतच नाही, ती तीनशेच्या सॅम्पलमध्येही येणार नाही. उलट आकडा मोठा झाल्यामुळे चुकीच्या उत्तरावरचा आपला विश्वास वाढतो. १९३६ साली अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाचं हेच झालं. त्यांच्याकडे वीस लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या, तरी अध्यक्ष कोण होणार याचा अंदाज साफ चुकला. त्यांची नावं बरीचशी टेलिफोन आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेली होती. मंदीच्या त्या काळात ज्याच्याकडे यांतलं काहीच नव्हतं, तो मतदार त्यांच्या यादीत सापडणं अवघड होतं. शिवाय मतपत्रिका परत पाठवणारे आणि न पाठवणारे यांच्यातही फरक होता.

आता माझ्या यादीतून काय काय निसटलं ते पाहू.

पहिली गळती : जागा

पेण मुंबई-गोवा महामार्गावर आहे. पुढे वडखळला अलिबागचा फाटा फुटतो. इथल्या रस्त्याकडेच्या हॉटेलांचं बरंचसं गिऱ्हाईक वाटेवरचं असतं. त्याला वीस मिनिटांत ओळखीचं काहीतरी खाऊन पुढे जायचं असतं. रोहा महामार्गापासून आत, कुंडलिकेच्या काठी आहे. कोलाडवरून वळावं लागतं. कोकण रेल्वेचा मार्ग इथून सुरू होतो आणि शेजारी धाटावची एमआयडीसी आहे. पाळीवरून सुटलेला कामगार आणि रोज जाणं-येणं करणारा नोकरदार यांना रोजचं जेवण लागतं, म्हणजे खानावळ, डबा, चहा-नाश्ता.

मी दोन्ही शहरं एकाच तक्त्यात ओतून ‘पेण-रोहा’ अशी सरासरी काढली होती. ती सरासरी ना पेणची, ना रोह्याची. स्तरित सॅम्पलिंग हवं ते याचसाठी: महामार्ग, एसटी स्थानक आणि रेल्वे स्टेशनचा परिसर, जुनी बाजारपेठ, एमआयडीसीचा रस्ता. व्याख्या पाठ असूनही हे मला सुचलं नव्हतं.

दुसरी गळती : विकण्याचं रूप

पेणचे पापड, पोह्याचे पापड, मिरगुंडं कोणाला माहीत नाहीत? हा माल घराघरांत बायका करतात आणि तो ताटात वाढला जात नाही, पाकिटातून विकला जातो. कडवे वाल किलोवर मिळतात, मोड आणून सोललेलं बिरडंही बाजारात बसलेल्या बायकांकडे मिळतं. शेवळाच्या जुड्या आणि सोबत काकडं टोपलीत असतात. जिताडा पेणच्या खारजमिनीतल्या तळ्यांत वाढवतात. तो मेनूकार्डावर येण्याआधीच ओळखीतून, आगाऊ सांगून संपतो.

म्हणजे शहरात स्थानिक अन्न भरपूर विकलं जात होतं आणि माझ्या तक्त्यात त्या जागी शून्य होतं. चूक कुठे झाली? मी मोजण्याचं एकक ‘हॉटेल’ धरलं. प्रश्न मात्र ‘विक्री’चा होता. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये हे तपासा: प्रश्नातलं नाम आणि मोजणीचं एकक एकच आहे का?

तिसरी गळती : काळ

भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. थंडीत शेंगा भरतात आणि तेव्हाच पोपटीचे दिवस येतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, बटाटे, अंडी, हवी तर मसाला लावलेली कोंबडी असं भरायचं. तोंड पाल्यानेच बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाणी घालत नाहीत. शेंगांतल्या आणि पाल्यातल्या ओलाव्याची वाफ आत कोंडते आणि तिच्यावर सगळं शिजतं. मडक्यावर पाण्याचा शिपका मारला आणि चर्र आवाज आला की झालं. हे शेतावर, चार माणसं जमली की करायचं काम आहे. मे महिन्यात ते शोधणं म्हणजे गणपतीत होळी शोधण्यासारखंच.

शेवळं पहिल्या पावसाच्या सुमारास थोडेच दिवस मिळतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, त्यामुळे माशांच्या थाळ्यांचं चित्र बदलतं. श्रावणात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी कितीतरी घरांत सामिष बंद. हे सगळं माहीत असूनही मी फील्डवर्क ठेवलं ते माझ्या सुट्टीच्या सोयीने. खाण्याचा अभ्यास असेल तर वर्षभरात निदान चार फेऱ्या हव्यात.

‘नाही’ आणि ‘दिसलं नाही’

यानंतर मी प्रश्न बदलला. ‘शेवळं हॉटेलात का नसतात?’ याला ‘परंपरा संपली’ हे एकमेव उत्तर नाही. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, भाजी नीट झाली नाही तर घसा खाजतो. म्हणून ती काकडासारख्या आंबट फळाबरोबर शिजवतात. साफ करायला वेळ लागतो, करणाऱ्याला सवय लागते, हंगाम छोटा. यांतलं कुठलंही कारण एकटंच पुरेसं असू शकतं. ही अजून गृहीतकं आहेत, निष्कर्ष नव्हेत, पण प्रत्येक तपासता येतं. ‘लोप पावत आहे’ हे विधान एका वेळच्या पाहणीतून करताच येत नाही, त्याला दोन काळांतली तुलना लागते.

विज्ञानवाल्यांसाठी अजून एक. भांबुर्डा ब्लुमिया प्रजातीतला, असं आपण सहज लिहून मोकळे होतो. पण एकच स्थानिक नाव एकाहून जास्त जातींना असू शकतं. ज्या मडक्यात जो पाला घातला, त्याचा नमुना वाळवून, क्रमांक देऊन हर्बेरियममध्ये जमा केल्याशिवाय शास्त्रीय नाव लिहू नका.

मग चौकट सुधारायची कशी?

एका यादीवर विसंबू नका. मी तीन केल्या. एक नकाशाची. दुसरी अन्नविक्रेत्यांच्या अधिकृत नोंदणीची, कारण २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली छोट्या विक्रेत्यालाही नोंदणी लागते. तिसरी पायी फिरून केलेली: ठरवलेल्या रस्त्यावर सकाळी आणि संध्याकाळी चालत जायचं आणि जो कोणी खाण्याचं विकतो त्याची नोंद करायची. मग दुकान असो, गाडी असो की टोपली.

दोन याद्यांची तुलना केली की किती सुटलंय याचाही अंदाज येतो. तळ्यातले मासे मोजताना पकडून-खूण करून-पुन्हा पकडण्याची पद्धत आपण शिकलो, तीच. समजा एका यादीत ४० विक्रेते आहेत, दुसरीत ५०, आणि दोन्हींत सापडलेले २०. मग एकूण अंदाजे ४० गुणिले ५० भागिले २०, म्हणजे १००. पण यात एक अट आहे. दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात आणि प्रत्येक विक्रेत्याला यादीत येण्याची सारखी संधी हवी. टोपली घेऊन बसणारी कातकरी बाई नकाशावर कधीच येणार नसेल, तर हा अंदाज खऱ्यापेक्षा कमीच येईल. सूत्र लिहिताना ही अटही लिहा. व्हायव्हामध्ये हमखास विचारतात.

यात बिघडतं काय?

तुम्ही म्हणाल, एवढं काय, एक तक्ता चुकला. पण समजा माझा ‘लोप’ छापून आला असता. त्याचा आधार घेऊन कोणीतरी स्थानिक अन्नाच्या ‘पुनरुज्जीवना’ची योजना आखली असती. ती गेली असती कोणाकडे? ज्यांची नावं यादीत होती त्यांच्याकडे. ज्या बायकांनी हे अन्न विकणं कधी थांबवलंच नव्हतं, त्या माझ्या कागदावर नव्हत्या, म्हणून योजनेतही आल्या नसत्या.

आणि आता त्या कागदावर आल्या आहेत तर जबाबदारी वाढते. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. परवान्याशिवाय बसणाऱ्या विक्रेतीची जागा ओळखू येईल असं काही छापू नका, तुमच्या प्रबंधामुळे तिला उठवलं जाऊ शकतं. शेवळं नेमकी कुठल्या डोंगरावर मिळतात तेही नकाशावर टाकू नका.

सिनॉप्सिसच्या सॅम्पलिंगच्या परिच्छेदात यापुढे दोन वाक्यं वाढवा. पहिलं: माझी चौकट ही आहे. दुसरं: या चौकटीत अमुक अमुक येत नाही. दुसरं वाक्य लिहायला जड जातं, पण समितीचा निम्मा प्रश्न तिथेच संपतो.

सरावासाठी आपल्या गावातला एक रस्ता घ्या आणि तिथल्या खाण्याच्या ठिकाणांची आधी नकाशावरून, मग चालत जाऊन यादी करा. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. चालत केलेल्या यादीत जी नावं जास्तीची सापडतील, तिथून तुमचा संशोधन प्रश्न सुरू होऊ शकतो.