पेशींतील प्रथिनांची साक्ष

मालवण, कणकवली, सावंतवाडी येथील व्यापारी कुटुंबांना रक्तदाब आणि मधुमेहाच्या तपासण्या आता परक्या राहिलेल्या नाहीत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी मात्र पुढे ढकलली जाते. काही दुखत नाही, मग दाखवायचे काय आणि कोणाला, या दोन प्रश्नांपाशीच विषय संपतो. संकोच एवढा की, पापानिकोलाऊ या ग्रीक वैद्याच्या नावावरून आलेल्या ‘पॅप’ चाचणीतही एखाद्या आजीबाईंना ‘पाप’च ऐकू यावे!

हा रोग जवळजवळ नेहमी मानवी पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घ वास्तव्यातून उद्भवतो. हा संबंध उलगडणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूची लागण अत्यंत सामान्य असून बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप नाहीसा होतो. लागण कित्येक वर्षांपूर्वीचीही असू शकते. म्हणून विषाणू आढळल्यास पतीच्या वा पत्नीच्या शीलाविषयी शंका घेणे हा निव्वळ अन्याय होय.

काही थोड्या जणींत विषाणू ठाण मांडतो आणि ‘ई६’ व ‘ई७’ ही दोन प्रथिने मोठ्या प्रमाणात निर्माण करू लागतो. पेशीची अनिर्बंध वाढ रोखणारी ‘पी५३’ आणि ‘आरबी’ ही आपल्या शरीराची रखवालदार प्रथिने आहेत. पहिले ‘पी५३’चा नाश घडवते, दुसरे ‘आरबी’ला निकामी करते. रखवालदारच उरले नाहीत की बिघडलेली पेशीही वाढतच राहते. कर्करोग होण्यास त्यानंतरही बहुधा दहा-वीस वर्षे लागतात. तपासणीला वाव मिळतो तो याच काळात.

डीएनए चाचणी विषाणू आहे एवढेच सांगते. प्रथिनांची चाचणी त्याने उपद्रव आरंभला आहे का, हे सांगते. गर्भाशयमुखावरून घेतलेल्या पेशी फोडून त्यांचा द्रव प्रतिपिंडे लावलेल्या पट्टीवर सोडतात. ई६ असल्यास रेघ उमटते, गर्भधारणेच्या चाचणीपट्टीसारखीच. मात्र ही पट्टी मोजक्याच विषाणूप्रकारांपुरती असते आणि आरंभीचे काही बिघाड तिच्या नजरेतून सुटतात. त्यामुळे पहिली चाळणी म्हणून आजही डीएनए चाचणीच अधिक भरवशाची.

त्या भरवशाचा मोठा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना चार गटांत विभागून अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय त्यात सहभागी होते. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदाच डीएनए चाचणी देऊ केलेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. (तो गट तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, हा वाद पुढे झाला आणि तो व्हायलाच हवा होता.)

सिंधुदुर्गात देवबाग-तारकर्लीच्या गृहिणीला ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठायचे तर घर आणि दुकान सांभाळून अख्खा दिवस मोडावा लागतो. डीएनए चाचणीसाठीचा नमुना स्त्रीने स्वतः घेतला तरी चालतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केले आहे. चातुर्मासात व्याख्यानाला जमणाऱ्या महिला मंडळांनी डॉक्टरांच्या मदतीने असे नमुने गोळा करून प्रयोगशाळेकडे पाठवणे अवघड नाही. मग तपासणीच्या मेजावर जाण्याचा प्रसंग बहुतेक जणींवर येणारच नाही. विषाणू आढळला, तरच.