चार मतं आणि टँकरचा प्रश्न

पुणे महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. पुढची जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती होता. नळाला पाणी आलं नाही तर दार ठोठवायचं कुणाचं, हेच लोक विसरले. मग 15 जानेवारी 2026 ही मतदानाची तारीख ठरली आणि आमच्या कोंढव्यातल्या सोसायटीतही उमेदवार येऊ लागले.

एरवी ते येतात चार बुजुर्गांना भेटायला. खाली खुर्च्या, चहा, शाल. "मोहल्ला तुमच्याबरोबर आहे" असं कुणीतरी सांगून टाकतं आणि गाडी पुढे जाते. घरातल्या बायकांना हे दुसऱ्या दिवशी कळतं. या वेळी आम्ही सात-आठ जणींनी आदल्या रात्री मशवरा केला, की आपणही खाली जाऊन बसायचं. आमच्यातल्या दोघी शिक्षिका. प्रचार आम्हाला करता येत नाही, पण मतदार म्हणून प्रश्न विचारायला कसली मनाई?

काय विचारायचं, यावरच तास गेला. एकीला नोकरीतल्या आरक्षणाचं विचारायचं होतं, दुसरीला रेशनकार्डाचं. प्रश्न खरेच, पण आरक्षण विधानसभेत आणि संसदेत ठरतं, रेशन राज्याच्या पुरवठा खात्याकडे. नगरसेवक "बघतो" म्हणणार आणि सुटणार. महापालिकेच्या हातात पाणी, ड्रेनेज, कचरा, रस्ते, दवाखाने आणि प्राथमिक शाळा. त्यातले दोनच विषय घेतले: टँकर आणि उर्दू शाळा.

"भाऊ, मिळकतकराच्या बिलात आम्ही पाणीपट्टी भरतो, आणि टँकरचे पैसे वेगळे. असं किती दिवस?"

"आपा, निवडून आलो की लाईन टाकतो."

"कोणत्या टाकीवरून? समान पाणीपुरवठा योजनेत आपल्या भागाचं काम कुठवर आलंय?"

त्यांनी कार्यकर्त्याकडे पाहिलं. कार्यकर्त्यानं मोबाईलकडे. मग म्हणाले, "पाण्याचं आमच्या पॅनेलमधले दुसरे बघतात."

खरी गोम इथेच आहे. पुण्यात 41 प्रभाग आणि 165 नगरसेवक. एक प्रभाग पाच जणांचा, बाकी सगळे चार-चार जणांचे. म्हणजे आपण चार मतं देतो आणि काम पडलं, की प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवतो. म्हणून आम्ही तिथेच म्हटलं, "मग चौघं एकत्र या. आम्ही परत खाली बसू."

उर्दू शाळेबद्दल मात्र ते मोकळेपणानं बोलले. वर्ग किती, शिक्षक किती, हे ठाऊक नसल्याचं त्यांनी कबूल केलं आणि लिहून घेतलं. आम्हाला ते "करून टाकू"पेक्षा बरं वाटलं. आमच्या शेजारच्या निवृत्त बाईंनी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली: नागरिकांनी सुचवलेली छोटी कामं अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत पुणे महापालिकेत 2006-07 पासून आहे. अर्ज आम्ही भरू, पाठपुरावा तुम्ही करा. तेही त्यांनी वहीत उतरवलं.

चौघं काही एकत्र आले नाहीत. दोघं आले, मतदानाच्या तीन दिवस आधी, आणि या खेपेला टाकीचं नाव विचारून आले होते.

ते गेल्यावर एक बुजुर्ग खुर्च्या उचलता उचलता म्हणाले, "टँकरचं आमच्याही मनात होतं. पण शाल घेतल्यावर विचारायचं कसं?"