जठराचा कर्करोग: प्रथिनांची साक्ष

दुर्बीण टाकून जठराच्या गाठीतून काढलेला तुकडा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असतो. तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, बसवतात आणि त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचपट्टीवर चढवतात. त्यांवर विशिष्ट प्रतिपिंड सोडले की ते आपले ठरावीक प्रथिन शोधून त्याला चिकटते आणि त्या जागी तपकिरी रंग उमटतो. जठराच्या कर्करोगात पुढच्या उपचारांची दिशा आज बरीचशी या रंगावर ठरते.

२०२२ मध्ये जगभरात या कर्करोगाचे सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण आढळले आणि ६ लाख ६० हजार रुग्ण दगावले. रोग कितपत पसरला आहे हे 'स्टेज'वरून कळते. पण एकाच स्टेजच्या दोन रुग्णांपैकी एक वर्षानुवर्षे धडधाकट राहतो, तर दुसऱ्याचा आजार वर्षभरात उलटतो. असे का होते, याचे थोडे तरी उत्तर प्रथिने देतात.

'हर-टू' हे पेशीच्या आवरणावरचे प्रथिन वाढीचे संदेश आत पोहोचवते. ते बेसुमार झाले की पेशी थांबायचे विसरतात. स्तनाच्या कर्करोगात या प्रथिनाची ओळख आधी झाली. तिथे पेशीभोवती पूर्ण तपकिरी कडे दिसते. जठराच्या पेशीत मात्र बऱ्याचदा फक्त तळ आणि बाजू रंगतात, वरची कड कोरी राहते. स्तनाचे निकष इथे जसेच्या तसे लावले तर खरा रुग्ण निसटतो, म्हणून जठरासाठी वेगळे निकष करावे लागले. शिवाय गाठीचा एक कोपरा गडद, तर शेजारचा कोरा, असेही सर्रास आढळते. त्यामुळेच सहा ते आठ तुकडे घेण्याचा आग्रह धरतात. 'टू प्लस' असा काठावरचा निकाल आला, तर जनुकाच्या प्रती मोजणारी 'फिश' तपासणी करावी लागते.

हर-टू असले म्हणजे जठराचा आजार हमखास जास्त वाईट, असे म्हणता येत नाही. याबाबत अभ्यासांत एकमत नाही. पण उपचार मात्र त्याने बदलतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टोगा' चाचणीत हर-टू पॉझिटिव्ह रुग्णांना केमोथेरपीसोबत ट्रास्टुझुमॅब हे हर-टूला रोखणारे औषध दिले, तेव्हा मध्यक आयुर्मान ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेले. ज्यांच्यात हे प्रथिन भरपूर होते, त्यांच्यात ते ११.८ वरून १६ महिन्यांवर पोहोचले. ही वाढ लहान आहे, पण ती कोणाला मिळेल हे आधी सांगता आले, हे मला फार मोलाचे वाटते.

काही प्रथिनांचे नसणे हीच खूण असते. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या एमएलएच-१, एमएसएच-२ यांसारख्या प्रथिनांचा रंग गाठीच्या पेशींच्या केंद्रकात उमटला नाही, तर दुरुस्ती बंद पडली आहे असे समजायचे. शस्त्रक्रिया होऊ शकणाऱ्या टप्प्यात अशा रुग्णांचे भवितव्य सहसा बरे असते. आजार पसरलेला असला तरी इम्युनोथेरपीला त्यांच्यापैकी अनेकांचा चांगला प्रतिसाद मिळतो, कारण चुकांनी भरलेल्या पेशी प्रतिकारशक्तीच्या नजरेत लवकर येतात. अलीकडे क्लॉडिन १८.२ या प्रथिनाची भर पडली आहे. पेशींच्या सांध्यात दडलेले हे प्रथिन कर्करोगात उघडे पडते आणि झोल्बेटुक्सिमॅब हे औषध नेमके त्यालाच धरते.

रक्तातल्या सीईए, सीए १९-९ या तपासण्यांवर मात्र भलता विश्वास टाकू नये. सुरुवातीच्या कर्करोगात त्या बऱ्याचदा नॉर्मल येतात आणि धूम्रपान करणाऱ्याचे सीईए कर्करोग नसतानाही वाढलेले असू शकते. निदान झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवायला त्या उपयोगी आहेत. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये त्या घालणे मला चुकीचेच वाटते.

घरातल्या कोणाला हा आजार असेल, आणि विशेषतः तो पसरलेला असेल, तर हर-टू, एमएमआर (म्हणजे वर सांगितलेली डीएनए दुरुस्त करणारी प्रथिने), इम्युनोथेरपी ठरवताना पाहिले जाणारे पीडी-एल-१ आणि क्लॉडिन यांपैकी कोणत्या तपासण्या झाल्या आहेत हे डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या रुग्णालयात जाताना फाइलीसोबत मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. बहुतेक वेळा पुढची तपासणी त्यावरच होऊ शकते.