आजीची बादली आणि माझा एरेटर

मित्रांनो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी विभागात लिहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. चूकभूल द्यावी घ्यावी. पण हा विषय मला आजीने शिकवला, तोही शुद्ध मराठीत!

झालं असं, की गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत दिवसाआड पाणी सुरू झालं. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी, हा आकडा सिव्हिलवाले आपण सगळेच परीक्षेसाठी पाठ करतो. म्हटलं, चला, इंजिनिअरिंग घरी वापरू. हार्डवेअरच्या दुकानातून एरेटर आणले आणि घरातल्या सगळ्या नळांना बसवून टाकले.

एरेटर म्हणजे नळाच्या तोंडाशी बसणारी छोटीशी जाळी. तिच्या बारीक भोकांतून पाणी कमी येतं आणि येताना सोबत हवा ओढून घेतं. त्यामुळे पाणी कमी असूनही धार भरदार वाटते. फरक मोजायला एक बादली आणि घड्याळ पुरतं. आमची १५ लिटरची बादली आधी ७५ सेकंदांत भरायची, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. एरेटर लावल्यावर लागली ५ मिनिटं, म्हणजे मिनिटाला ३ लिटर. ७५ टक्के बचत! मी एकदम खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आजी बाथरूममध्ये भिंतीला धरून उभी. तिचे गुडघे दुखतात.

"अगं, ही बादली भरणार कधी? आमच्या विहिरीतून पोहरासुद्धा याच्या आधी वर यायचा!"

"आजी, पाणी वाचतंय ना!"

"कसं वाचतंय? मी बादली तेवढीच घेते की!"

माझी बोलतीच बंद झाली. तीन वर्षं शिकून जे लक्षात आलं नाही, ते आजीने एका वाक्यात सांगितलं. एरेटर वाचवतो तो *वेळेवर* चालणाऱ्या कामात. नळ सोडून १० मिनिटं भांडी घासली तर १२० लिटरऐवजी ३० लिटर लागतात. पण बादली, हंडा, पिंप ही कामं *मापावर* चालतात. तिथे १५ लिटर म्हणजे १५ लिटरच. वाचत काहीच नाही, फक्त माणूस ताटकळतो.

शॉवरचंही तेच. मिनिटाला ९ लिटरचा 'लो-फ्लो' शॉवर ८ मिनिटं घेतला, तर ७२ लिटर गेले. आजीची आंघोळ एका बादलीत होते. म्हणजे घरातलं सगळ्यात चांगलं 'लो-फ्लो' उपकरण आजीचा तांब्या!

खरी बचत सापडली फ्लशमध्ये. आमची जुनी टाकी एका वेळी १० लिटर सोडायची. चार माणसं, दिवसाला २० फ्लश, म्हणजे २०० लिटर. दोन बटणांच्या टाकीत लहान बटणाला ३ आणि मोठ्याला ६ लिटर लागतात. १६ लहान आणि ४ मोठे धरले तर ७२ लिटर. रोज १२८ लिटर वाचले! मात्र भांडंही कमी पाण्यावर चालणारं हवं, नाहीतर दोनदा फ्लश करावा लागतो आणि बचत वाहून जाते. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने नव्या कमोडला सुमारे ६ लिटरची मर्यादा घातली, तेव्हा सुरुवातीच्या कमोडांबद्दल लोकांची हीच तक्रार होती.

आता आमच्या घरी स्वयंपाकघर आणि बेसिनला एरेटर आहे. क्षार साचून धार वाकडी झाली की मी तो काढून लिंबाच्या रसात भिजवते. बाथरूममधला एरेटर मात्र काढला. त्या बदल्यात आजीनेही एक गोष्ट सोडली: नवं पाणी आलं की कालचं 'शिळं' म्हणून ओतून देणं. आता ते झाडांना आणि फरशीला जातं.

तेव्हा मित्रांनो, जाळी विकत घ्यायच्या आधी घरात एक दिवस नुसतं बघा, पाणी कुठे वेळेवर जातं आणि कुठे मापावर. आणि हो, घरातल्या मोठ्या माणसांना जरूर विचारा!

— तृतीय वर्ष, सिव्हिल