पाय कातणारी माणसं
जुन्या इंग्रजी फर्निचरवर लिहा, असं संपादक म्हणाले, की ओघानंच थॉमस चिपेंडेल आला. १७१८ साली यॉर्कशायरमधल्या ऑटलीत जन्मलेला हा सुतार लंडनला गेला, १७५४ साली त्यानं आपल्या नमुन्यांचं देखणं पुस्तक छापलं आणि उमरावांचे दिवाणखाने काबीज केले. गंमत म्हणजे तो कामावर सहसा नाव घालत नसे. हेअरवुड हाउससारख्या वाड्यांतली बिलं जपली गेली, म्हणून वस्तू त्याची ठरते.

मी मात्र अडकलो विंडसर खुर्चीत. ना महॉगनी, ना नक्षी. एरवी खुर्चीचे मागचे पायच वर जाऊन पाठ होतात. इथे पाय खालून, पाठीच्या काड्या वरून, सगळं बैठकीच्या एका जाड फळीत ठोकलेलं. फळी एल्मची, कारण त्याचे रेषे एकमेकांत गुंतलेले असतात; कडेला भोक पाडलं तरी ती सहसा फाटत नाही. पाय बीचचे.

हे पाय कातले जात बकिंगहॅमशायरमधल्या हाय विकमभोवतीच्या चिल्टर्न टेकड्यांवर, भर जंगलात. तिथल्या कातारींना बॉजर म्हणत. ओंडका ते करवतीनं उभा कापत नसत, पाचर मारून फोडत. त्यामुळे रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहते. मग लेथ. डोक्यावर लवचीक वासा, त्याला दोरी, दोरीचा लाकडाला वेढा आणि खालचं टोक पायाखालच्या फळीला. फळी दाबली की लाकूड कारागिराच्या दिशेनं फिरतं. सोडली की वासा दोरी वर खेचतो आणि ते उलटं फिरतं. पटाशी लावायची ती फक्त दाबताना. निम्म्या फेऱ्या फुकट! तरी काम झपाट्यानं होई, कारण लाकूड ओलं. पाय रचून सुकवायचे आणि ग्रोसवर विकायचे. बैठक कोरणारा वेगळा. फळीवर उभा राहून तो स्वतःच्या दोन पावलांमध्ये वाकस चालवी. जोडणारा आणखी वेगळा. १८७५च्या सुमारास विकममध्ये रोज ४,७०० खुर्च्या होत, असा अंदाज सांगतात. पायांचा हिशेब तुम्हीच करा. त्यांतल्या बहुतेकांवर कुणाचंच नाव नाही, आणि लिलावात मोल असतं नावाला. हे मला काही केल्या पटत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यंत्रांपुढे बॉजर संपले. आता हौशी मंडळी ओल्या लाकडाचं काम पुन्हा शिकताहेत, तेव्हा पायांची चिंता नाही. अडलंय ते बैठकीपाशी. १९६०च्या दशकाअखेरीस पसरलेल्या बुरशीनं ब्रिटनमधले अडीच कोटींहून जास्त एल्म मारले. सालीत शिरणारा भुंगेरा ती वाहून नेतो. मेलेल्या झाडाच्या मुळांतून कुंपणाच्या कडेनं नवे फुटवे येतात, पण साल पोखरण्याइतकी जाड झाली की भुंगेरा हजर. अखंड फळी निघावी इतकं खोड भरण्याआधीच झाड जातं. काहींनी एल्मऐवजी अ‍ॅश वापरून पाहिलं, तर २०१२ साली ब्रिटनमध्ये त्यालाही दुसऱ्याच एका बुरशीनं गाठल्याचं आढळलं.