सदस्यत्व रद्द करण्याचा विवेक
राज्यसत्तेशी मतभेद हाच रोग ठरविणाऱ्या चिकित्सकास व्यावसायिक संघटनेत स्थान असावे काय? सोव्हिएत संघात अनेक राजकीय विरोधकांवर ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’चे निदान लादून त्यांना मनोरुग्णालयांत डांबले जाई. १९७७ साली होनोलुलू येथे जागतिक मनोचिकित्सा संघटनेने त्याचा निषेध केला. १९८३ मध्ये हकालपट्टीची चिन्हे दिसताच सोव्हिएत संघटना स्वतःच बाहेर पडली. १९८९ मध्ये अथेन्स येथे गैरवापर मान्य केल्यावर तिला सशर्त पुनःप्रवेश मिळाला. प्रश्न मतांचा नव्हता, निदानाच्या दुरुपयोगाचा होता. आपणही हीच सीमा पाळावी. राजकीय मतासाठी कोणास काढू नये. मात्र विद्येचा वापर नागरिकाचा आवाज दाबण्यासाठी झाल्यास, बाजू ऐकून व पुरावा तपासून अवश्य काढावे. अन्यथा रुग्णाने विश्वासाने नाडी कोणाच्या हाती द्यावी?